हलक्या वजनाच्या मोठ्या माणसाने नेटिव्ह पोनी कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटन-आयर्लंडमध्ये मोठेपणी रायडिंग शिकलेल्या आणि आता स्वतःचा पोनी घ्यायचं मनात आलेल्या लोकांकडून हे प्रश्न सारखे येतात म्हणून सगळे एकत्र लिहिलेत. माझं मत आधीच सांगते. बहुतेक जण फोटो आणि उंची बघून ब्रीड ठरवतात, पण खरं तर ज्या कुरणात तो राहणार ते गवत बघून ठरवायला हवं. का ते खाली येईलच.

नेटिव्ह पोनी म्हणजे नक्की कोणते?

इथल्या डोंगराळ आणि माळरानाच्या भागात शेकडो वर्षं तगून राहिलेल्या जाती. त्यांना माउंटन अँड मूरलंड असंही म्हणतात. कॉनेमारा, न्यू फॉरेस्ट, फेल, डेल्स, हायलंड, एक्समूर, डार्टमूर, एरिस्के, शेटलंड आणि वेल्शचे चार सेक्शन ए, बी, सी, डी. आयर्लंडचा केरी बॉग पण आहे पण तो इतका छोटा की मोठ्या माणसाच्या रायडिंगसाठी विचारच करू नका, शेटलंडचंही तसंच, ४२ इंच ही त्याची कमाल उंची.

उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे ४ इंच, आणि टिंबानंतरचा आकडा इंचांचा. म्हणजे १४.२ हँड म्हणजे १४ हँड आणि वर २ इंच, एकूण ५८ इंच, साधारण १४८ सेंटिमीटर. मोजतात खांद्यापाशी, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापाशी. डोक्यापर्यंत नाही.

पोनी तर लहान मुलांसाठी असतात ना? मोठ्या माणसाने बसलं तर विचित्र दिसत नाही का?

अजिबात नाही. या जाती मुळात मुलांसाठी नव्हत्याच, कामासाठी होत्या. डेल्स आणि फेल खाणीतलं शिसं आणि लोकरीची ओझी घेऊन डोंगर ओलांडायचे, हायलंड पोनी आजही स्कॉटलंडच्या इस्टेटींवर शिकार केलेलं हरीण पाठीवर घेऊन खाली येतो, एक्समूरवर बसून शेतकरी मेंढ्या राखायचे आणि ते शेतकरी पूर्ण वाढलेले पुरुष होते. राणी एलिझाबेथ शेवटपर्यंत फेल पोनीवर बसायच्या, २०२२ साली त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी विंडसरला रस्त्याच्या कडेला त्यांची एमा नावाची फेल घोडी उभी होती ते अनेकांनी टीव्हीवर बघितलं असेल. आणि ज्यांना वाटतं की पोनी म्हणजे फक्त रमतगमत फिरायला, त्यांनी स्ट्रोलर शोधून बघा. १४.१ हँडचा पोनी, मॅरियन कोक्स त्याच्यावर बसून १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये शो जम्पिंगचं वैयक्तिक रौप्यपदक घेऊन आली, समोर सगळे मोठे घोडे होते.

माझं वजन ५५ किलो आहे, मी हलकीच आहे, मग कुठलाही पोनी चालेल ना?

नाही. इथेच सगळ्यात जास्त गडबड होते. तुमचं वजन ५५ म्हणजे पोनीच्या पाठीवर ५५ नसतं. हेल्मेट, बूट, जॅकेट मिळून ३ किलो धरा, सॅडल (खोगीर), गर्थ (ते बांधायचा पोटपट्टा), रिकिबी, नमदा मिळून ७ किलो धरा, झाले ६५. आता हे ६५ किलो ३०० किलोच्या पोनीवर म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळजवळ २२ टक्के, ते जास्त आहे. ३५० किलोच्या पोनीवर साडेअठरा टक्के, धडधाकट आणि फिट असेल तर चालतं पण रोज तासन्‌तास नको. ४०० किलोच्यावर १६ टक्के, छान. ५०० किलोच्या हायलंडवर १३ टक्के, त्याला तुम्ही बसलाय ते फारसं जाणवणारही नाही.

म्हणजे मोठ्या माणसांत तुम्ही हलके असाल पण १२ हँडच्या पोनीसाठी तुम्ही हलके नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मग १० टक्के खरं, १५ खरं की २०? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

एकच जादूचा आकडा नाहीये. सर्वसाधारण समज असा की १५ पर्यंत निवांत, १५ ते २० मध्ये पोनीची बांधणी, फिटनेस, वय आणि तुमचा तोल बघून ठरवायचं, आणि २० च्या वर जायचं नाही. न्यूमार्केटच्या अ‍ॅनिमल हेल्थ ट्रस्टने वेगवेगळ्या वजनाचे रायडर त्याच घोड्यांवर बसवून एक छोटा अभ्यास केला होता, त्यात जड रायडरखाली घोडे तात्पुरते लंगडायला लागले म्हणून टेस्ट मध्येच थांबवाव्या लागल्या. अर्थात तिथे सॅडल नीट बसणं न बसणं हाही मुद्दा होताच.

माझा नियम सांगते. नवशिके असाल, ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) अजून धपाधपा आपटत असाल तर स्वतःसाठी १५ च्या आतच राहा, कारण तोल नसलेले ५५ किलो हे तोल असलेल्या ६५ पेक्षा पाठीला जास्त त्रास देतात. आणि टक्के काढताना पोनीचं निरोगी वजन धरायचं, जाड्या झालेल्या पोनीचं नाही. ४०० किलोचा दिसणारा पोनी खरं तर ३४० चा असायला हवा असेल तर वरचे ६० किलो म्हणजे तो आधीच एक रायडर घेऊन फिरतोय, त्याच्या जोरावर तुम्हाला सूट मिळत नाही.

पोनीचं वजन कसं कळणार? काटा कुठून आणू?

वेट टेप मिळते, ती छातीभोवती गुंडाळायची, बरं काम होतं पण नेटिव्हची जाडजूड मान आणि गोल पोट तिला नीट कळत नाही. त्यापेक्षा साधी शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला ११,८८० ने भागा, किलोत उत्तर येतं. घेर १६५ आणि लांबी १५० आली तर वजन साधारण ३४४ किलो. अगदी अचूक नसतं पण दर पंधरा दिवसांनी तीच टेप तशीच लावली तर वाढतंय का कमी होतंय ते पक्कं कळतं, आणि खरं तर तेच महत्त्वाचं.

वजन बसतंय पण मी उंच आहे, पाय खाली लोंबकळणार नाहीत का?

उंचीपेक्षा पोनीचा पोटाचा घेर बघा. फेल, हायलंड, डेल्स, सेक्शन डी यांचं पोट गोल आणि खोल असतं, ते तुमचा पाय सामावून घेतं, म्हणून ५ फूट ७ इंचाची सडपातळ बाई १३.३ हँडच्या फेलवर छान दिसते आणि तीच १४ हँडच्या अरुंद, लांब पायांच्या पोनीवर ताडमाड दिसते. दिसण्याचं सोडा, तुमची टाच पोटाच्या खूप खाली गेली तर पायाची एड नीट देता येत नाही, मग माणूस टाच वर ओढतो आणि तोल गेलाच. जम्पिंग करायचं असेल तर हे जास्त जाणवतं.

तुमची उंची ५ फूट ते ५ फूट ३ असेल तर मात्र तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच, १३ हँडपासून पुढे सगळं मोकळं.

सॅडलचं एवढं काय? पोनीबरोबर मिळतं ना?

मिळतं, पण ते तुम्हा दोघांना बसेलच असं नाही. आणि याबद्दल कोणी आधी बोलत नाही म्हणून इथे जरा सविस्तर. सॅडलचं वजन फक्त बरगड्या असलेल्या भागावर पडायला हवं, शेवटच्या बरगडीच्या मागे कंबर सुरू होते तिथे ते जाता कामा नये. आता मोठ्या माणसाला १७ इंचाची सीट लागते, अगदी बारीक असलात तर १६ किंवा साडेसोळा. छोट्या पोनीची पाठ तेवढी लांब नसतेच! म्हणजे टक्केवारीच्या हिशोबात तुम्ही १२.२ च्या एक्समूरवर बसाल सुद्धा पण तुमच्या मापाचं सॅडल त्याच्या पाठीवर मावत नाही. तिथे विषय संपला.

दुसरं म्हणजे नेटिव्हची पाठ टेबलासारखी सपाट आणि रुंद, खांद्याचा उंचवटा नावालाच, त्यामुळे सॅडल पुढे सरकत मानेवर जातं किंवा एका बाजूला कलतं. रुंद ट्री (सॅडलचा आतला सांगाडा) लागते, कधी सॅडल सरकू नये म्हणून पुढच्या बाजूला पॉइंट स्ट्रॅप नावाचा पट्टा लागतो. पोनी बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, खांद्याच्या हाडामागून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजा आणि घरी येऊन सॅडल फिटरला फोन करा. आणि पोनी बारीक-जाड झाला की सॅडल पुन्हा तपासावं लागतं, नेटिव्हच्या बाबतीत हे वर्षातून दोनदा होतंच.

कॉनेमाराबद्दल सगळे खूप चांगलं बोलतात. तोच घेऊ का?

आयर्लंडच्या पश्चिमेकडचा, गॉलवे भागातला. १२.२ ते १४.२ हँड. हलक्या मोठ्या माणसासाठी सगळ्यात सहज बसणारी जात हीच, कारण त्याची चाल लांब आणि घोड्यासारखी असते, उडी उत्तम, खांदा छान तिरका म्हणून सॅडलही बऱ्यापैकी जागेवर राहतं. जम्पिंग, ड्रेसाज, क्रॉस कंट्री सगळं करायचं असेल तर माझं बोट पहिल्यांदा याच्यावरच जाईल.

पण दोन गोष्टी. एक, हुशार आणि संवेदनशील असतो, चांगल्या हातात सोनं, घाबरट हातात मात्र आणखी घाबरट होतो. दोन, खुराचा एक आनुवंशिक आजार या जातीत आहे, खुराची भिंत थराथराने सुटत जाते, फाटते, नाल टिकत नाही आणि पोनीला चालणंच अवघड होतं. आईबाप दोघांकडून दोष आला तरच आजार होतो, एकाकडून आला तर पोनी फक्त वाहक असतो आणि स्वतः ठणठणीत राहतो. केसांवरून डीएनए टेस्ट होते. रिझल्ट विचारा, नसेल तर स्वतःच्या पैशाने करून घ्या, खूप मोठी रक्कम नाही. विकणारा टेस्टला नको म्हणाला तर तिथून निघा.

न्यू फॉरेस्ट आणि कॉनेमारा यात फरक काय?

न्यू फॉरेस्ट हँपशायरचा. कमाल १४.२. तिथे हे पोनी मोकळे फिरतात पण प्रत्येकाला मालक असतो, आणि अ‍ॅजिस्टर म्हणून माणसं असतात ती त्यांच्यावर लक्ष ठेवतात आणि शेपटीचे केस विशिष्ट प्रकारे कापून खूण करतात. पिढ्यान्‌पिढ्या गाड्या, सायकली, माणसं, कुत्री यांच्यात वाढल्यामुळे बरेचसे शांत आणि माणसाळलेले असतात. कॉनेमाराइतकी झळक नाही पण स्वभावाला सरळ आणि बहुतेकदा जरा अरुंद, त्यामुळे छोट्या चणीच्या बाईला मांडीत फार ताण न येता बसता येतं, हा मुद्दा कंबर किंवा मांडीचा त्रास असलेल्यांनी लक्षात घ्या.

शरद ऋतूत पोनी गोळा करतात आणि बाजार भरतो तेव्हा शिंगरं स्वस्तात मिळतात म्हणून मोहात पडू नका. माणसाचा हातही न लागलेलं सहा महिन्यांचं शिंगरू हे पहिला पोनी म्हणून कोणाच्याच कामाचं नाही, त्याच्यावर बसायला चार वर्षं थांबावं लागेल आणि मधली चारही वर्षं अनुभवी हात लागेल. तसंच या जातीत स्नायू आखडण्याचा एक आनुवंशिक आजार सापडला आहे, त्याचीही टेस्ट आहे.

वेल्शचे ए, बी, सी, डी काही कळत नाही.

ए म्हणजे मूळ डोंगरातला, १२ हँडपर्यंत, देखणा पण आपल्यासाठी छोटा. बी म्हणजे १३.२ पर्यंतचा नाजूक रायडिंग टाइप, अगदी ४५ किलोच्या, बुटक्या आणि चांगलं रायडिंग येणाऱ्या व्यक्तीला कदाचित. सी पण १३.२ पर्यंतच, पण कॉब टाइप म्हणजे ठेंगणा, भरीव, हाडाला मजबूत. डी म्हणजे १३.२ च्या वर आणि वरची मर्यादाच नाही, त्यामुळे १५ हँडचाही डी मिळतो.

मला विचाराल तर सेक्शन सी हा या सगळ्या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित पोनी आहे. ५०-५२ किलोची, पाच फूट उंचीची व्यक्ती असेल तर सी म्हणजे तिच्यासाठीच बनवलेला. जमिनीपासून चढायला सोपा, खांद्यात ताकद, ट्रॉट असा की बघत राहावं. फक्त तापट असू शकतो. सी आणि डी दोघांतही इंजिन मोठं असतं, आठवड्यातून दोनदा अर्धा तास फिरवून भागणार असेल तर त्यांना घेऊ नका, बिचारे कंटाळतात आणि मग ती ऊर्जा कुठेतरी निघतेच.

फेल, डेल्स आणि हायलंड तिघे सारखेच दिसतात मला.

लांबून दिसतात, हो. फेल वायव्य इंग्लंडमधल्या कंब्रियाचा, १४ हँडपर्यंत, तिघांत सगळ्यात हलका आणि चपळ. डेल्स उत्तर इंग्लंडमधल्या पेनाइन्स डोंगररांगेच्या पूर्वेकडचा, बहुतेक १४ ते १४.२, जास्त भारी, ट्रॉट जोरदार. हायलंड स्कॉटलंडचा, १३ ते १४.२, तिघांत सगळ्यात ठोकळेबाज, रंग बरेचदा डन (फिकट पिवळट-तपकिरी), पाठीवरून काळी रेघ.

हलक्या माणसाला या तिघांची ताकद लागते का, तर खरं म्हणजे नाही. पण ताकदीसाठी नाही, स्वभावासाठी लोक हे घेतात. लांब हॅकिंग (रस्त्यावर, रानात फिरायला जाणं), डोंगरवाटा, चिखल, वारा, पाऊस, कशानेही बिचकत नाहीत आणि भरवसा वाटतो. मोठेपणी रायडिंग शिकलेल्या माणसाला पडायची जी भीती असते ती हायलंडवर बसून कमी झालेली मी बघितली आहे. पण एक लक्षात ठेवा, ५० किलोच्या माणसाने ५०० किलोच्या हट्टी हायलंडला गवतावरून डोकं वर काढायला लावणं सोपं नसतं. रायडिंगपेक्षा जमिनीवरची शिस्त आधी बघा, दोरी धरून चालवा, थांबवा, मागे सरकवा. तुम्हाला ओढत नेत असेल तर हलक्या माणसाला तो धोकाच आहे.

फेल आणि डेल्समध्ये शिंगरांची रोगप्रतिकारशक्ती नसण्याचा एक जीवघेणा आनुवंशिक आजार आहे, शिंगरं काही महिन्यांतच जातात. वाहक पोनी निरोगी असतो, फक्त रायडिंग करायचं असेल तर फरक पडत नाही, पण घोडी घेऊन पुढे ब्रीडिंगचा विचार असेल तर टेस्ट बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिघांच्याही पायांवर लांब केस असतात, त्यात चिखल आणि माइट्स अडकतात, हात घालून कातडी तपासायची सवय लावा.

एक्समूर, डार्टमूर, एरिस्के दुर्मीळ आहेत म्हणे, त्यांना घेऊन जात वाचवायला मदत होईल का?

भावना चांगली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एक्समूर ५० पेक्षाही कमी उरले होते, एरिस्के तर १९७० च्या सुरुवातीला जेमतेम वीसच्या आसपास. त्यांना मागणी राहिली तरच लोक ब्रीडिंग करत राहणार, हे खरं आहे.

पण बसायला? डार्टमूर १२.२ पर्यंत, बांधा हलका, मोठ्या माणसाला नको. एक्समूर त्याच उंचीचा पण छाती खोल आणि हाड जाड, ४५-४८ किलोची बुटकी, चांगला तोल असलेली व्यक्ती पूर्ण वाढलेल्या, ३२० किलोच्या एक्समूरवर सामानासकट १७-१८ टक्क्यांत बसते, अट फक्त वर सांगितलेल्या सॅडलची. एरिस्के १२ ते १३.२ हँड, स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर समुद्री शेवाळ आणि पीट (जळणाची दलदलीतली माती) वाहायचे, घरच्या बायका-मुलांनी हाताळलेले, त्यामुळे माणसांवर फार जीव. १३ च्या वरचा एरिस्के मिळाला आणि तुम्ही छोट्या चणीचे असाल तर जरूर बघा. वाट बघावी लागेल, मिळतात कमी.

तुम्ही सुरुवातीलाच गवत म्हणालात, ते काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, इथे वेळ द्या.

या जाती वाऱ्या-पावसात, निकृष्ट चाऱ्यावर जगायला घडल्या आहेत. उन्हाळ्यात चरबी साठवायची, हिवाळ्यात जाळायची, वसंतात बारीक होऊन बाहेर यायचं. आपण त्यांना काय देतो, तर दुधाळ गायींसाठी पेरलेलं, साखरेने भरलेलं हिरवंगार गवत, वर हिवाळ्यात जाड रग (अंगावरची झूल) आणि बादलीभर खुराक. चरबी जळतच नाही. रक्तातलं इन्सुलिन वाढत जातं आणि मग लॅमिनायटिस. खुराच्या आत हाडाला भिंतीशी बांधून ठेवणारे जे नाजूक पदर असतात ते कमकुवत होऊन ताणले जातात, आणि फारच वाढलं तर हाड जागेवरून फिरतं किंवा खाली सरकतं. वेदना भयंकर असतात. चांगले चांगले पोनी यात गेलेत आणि त्यातले बरेच नुसत्या लाडाने गेलेत, हे मला सहन होत नाही म्हणून इतकं लिहितेय.

म्हणून यार्ड, म्हणजे पोनी ठेवणार ती जागा, आधी बघा, पोनी नंतर. विचारा, चरण्याची जागा पट्ट्यात विभागता येते का, कडेने ट्रॅक (फिरायची अरुंद वाट) करता येतो का, गवत नसलेली एखादी जागा आहे का जिथे त्याला सोबतीसह ठेवता येईल, ग्रेझिंग मझल (कमी चरता यावं म्हणून तोंडाला लावायची जाळी) घालायला यार्डवाले रोज मदत करतील का. उत्तर सगळ्याला नाही असेल आणि कुरण हिरवं गच्च असेल तर हायलंड, एक्समूर, सेक्शन सी यांच्यापासून लांबच राहा, त्यातल्या त्यात हलक्या बांध्याचा न्यू फॉरेस्ट किंवा कॉनेमारा आणि तोही आठवड्यातून चार-पाच वेळा खरंच काम करणारा. लॅमिनायटिस त्यांनाही होतो, फक्त थोडी उसंत मिळते.

कोरडा चारा वजनाच्या दीड टक्का, म्हणजे ३५० किलोच्या पोनीला दिवसाला सव्वापाच किलोच्या आसपास, त्याहून कमी व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) विचारल्याशिवाय करू नका. वाळलेलं गवत भिजवून दिलं की साखर बरीच उतरते. थंडीत दव गोठलेलं असून ऊन पडलं की गवतात साखर जास्त असते, त्या सकाळी सोडू नका. निरोगी पोनीला हिवाळ्यात रग शक्यतो नकोच, त्याचा अंगरखा त्याने आणलेला असतो. पोनी कडक रस्त्यावर आखडून चालायला लागला, खूर गरम लागले, खुरावरच्या नाडीचा ठोका जोरात लागला, वजन मागे टाकून उभा राहिला, तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच तासाला व्हेट. वय १५ च्या पुढे असेल आणि उन्हाळ्यातही केस गळत नसतील तर कुशिंगची (हार्मोन बिघडण्याच्या आजाराची) रक्त तपासणी करून घ्या, त्यानेही लॅमिनायटिस होतो.

स्वीट इच म्हणजे काय आणि विकत घेताना कसं ओळखायचं?

चिलटांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी. पोनी आयाळ आणि शेपटी घासून घासून रक्तबंबाळ करतो. नेटिव्हमध्ये बऱ्यापैकी दिसतं. एप्रिल ते ऑक्टोबर त्रास, म्हणून हिवाळ्यात बघायला गेलात तर काही दिसणार नाही. गेल्या उन्हाळ्यातला फोटो मागा, शेपटीच्या मुळाशी बोट फिरवून बघा कातडी जाड, खरखरीत लागते का. असेल तर नको असं नाही, पण अख्खा उन्हाळा खास रग घालून ठेवावा लागतो आणि ओढ्याकाठच्या दमट यार्डात ते फार हाल असतात.

पहिला पोनी किती वयाचा घ्यावा?

८ ते १४. नेटिव्ह हळू पक्के होतात, चारचा पोनी म्हणजे अजून पोर. आणि दीर्घायुषी असतात, विशीतही मजेत काम करणारे भरपूर आहेत, त्यामुळे १४-१५ चा म्हातारा समजून सोडून देऊ नका. घोडी की गेल्डिंग (खच्ची केलेला नर) यावर वाद घालत बसू नका, समोरचा पोनी बघा.

जाहिराती वाचताना काय बघायचं?

जे लिहिलं नाही ते. एकट्याने हॅकिंगला जातो असं लिहिलं नसेल तर जात नसावा. "फॉरवर्ड" (सतत पुढे धावायला बघणारा), "शार्प" (पटकन उसळणारा), "नवशिक्यांसाठी नाही" हे शब्द जसेच्या तसे खरे माना. "हलका रायडर हवा" असं लिहिलं असेल तर फोनवर पहिला प्रश्न, का? पोनी छोटा आहे म्हणून असेल तर ठीक. पाठीला किंवा पायाला काही झालं होतं म्हणून असेल तर तुम्ही कितीही हलके असा, आधी व्हेटशी बोला.

बघायला गेल्यावर काय करायचं?

सांगा की पोनी कुरणातच राहू दे, आम्ही आल्यावर पकडा. पकडताना, बांधताना, पाय उचलताना, सॅडल चढवताना बघा. आधी मालकाला बसायला सांगा, मग तुमच्या ट्रेनरला, मग तुम्ही. मालक बसायला तयार नसेल तर तुम्हीही बसू नका. रस्त्यावर एकट्याने न्या. आणि दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा, न सांगता गेलात तरी चालेल.

व्हेटिंग (विकत घेण्याआधीची व्हेटची तपासणी) करायचं का? स्वस्तातला पोनी आहे.

पोनी स्वस्त असेल, आजार स्वस्त नसतो. दोन टप्प्यांचं आणि पाच टप्प्यांचं असे दोन प्रकार, रायडिंगसाठी घेताय तर पाच टप्प्यांचं करा कारण त्यात बसून चालवून बघतात. रक्ताचा नमुना घेऊन सहा महिने ठेवतात, नंतर लंगडेपणा उघडा पडला तर तेव्हा वेदनाशामक दिलं होतं का ते तपासता येतं. नेटिव्ह असेल तर व्हेटला वेगळं सांगा, खुरांवरच्या वळ्या आणि मानेवरची चरबी नीट बघा, जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा तिथेच सापडतात. पांढरा पोनी असेल तर शेपटीखाली गाठी आहेत का तेही.

कागदपत्रं?

पासपोर्ट, म्हणजे पोनीची ओळख-पुस्तिका, हवाच, पोनीबरोबरच तो हातात आला पाहिजे, नंतर पोस्टाने पाठवतो हे ऐकून घेऊ नका. मायक्रोचिप बंधनकारक आहे, इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२० पासून, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून. स्कॅन करून नंबर पासपोर्टशी जुळवा. घेतल्यावर ३० दिवसांत मालकी नावावर करून घ्यायची. इन्शुरन्स, निदान थर्ड पार्टी तरी, पहिल्या दिवसापासून.

रस्त्यावर गाड्यांची भीती वाटते.

साहजिक आहे. २०२२ पासून हायवे कोडमध्ये (ब्रिटनच्या वाहतूक नियमांत) स्पष्ट आहे की घोड्याजवळून जाताना गाडी ताशी १० मैलांच्या आत आणि किमान २ मीटर अंतर ठेवून. सगळे पाळत नाहीत. चमकणारं जॅकेट भर दुपारीही घाला, पोनीच्या पायांनाही पट्ट्या लावा.

आधी शेअर (मालकाबरोबर वाटून सांभाळणं) किंवा लोनवर (विकत न घेता काही काळ सांभाळायला) घेतला तर?

घ्याच, शक्य असेल तर. एक पूर्ण हिवाळा शेअर केलात, चिखलात, अंधारात, पावसात रोज गेलात आणि तरी जावंसं वाटलं, तर मग विकत घ्या. लोनचा करार मात्र लेखी हवा, व्हेटचं बिल कोण देणार, विमा कोणाचा, किती दिवसांच्या नोटिशीने परत, सगळं.

मी ५३ किलोची, नवरा ८० चा, तोही कधीतरी बसेल म्हणतो. मग?

मग आकडे त्याचे धरा, तुमचे नाहीत. ८० अधिक १० म्हणजे ९०, त्याला २० टक्क्यांच्या आत बसायला पोनी निदान ४५० किलोचा हवा आणि तोही जाड नव्हे, फिट. म्हणजे मोठा हायलंड, भक्कम डेल्स किंवा सेक्शन डी. सॅडल दोघांना एकच चालणार नाही, दुसरं घ्यावं लागेल. आणि "कधीतरी" म्हणजे वर्षातून तीनदा असेल तर त्याच्यासाठी रायडिंग स्कूलचा मोठा घोडा भाड्याने घ्या आणि तुम्ही तुमच्या मापाचा पोनी घ्या.